पाळी थांबली म्हणजे काय थांबलं?

टेस्टोस्टेरॉन सुरू केलेला ट्रान्स पुरुष सगळ्यात जास्त वाट कशाची पाहत असेल? बाहेरच्यांना वाटतं, दाढीची किंवा आवाज फुटण्याची. पण पुष्कळजण वाट पाहत असतात ती पाळी थांबण्याची. वयात आल्यापासून दर महिन्याला चार-पाच दिवस ज्यांनी कसेबसे काढलेत, त्यांना ही सुटका किती मोठी वाटते हे वेगळं सांगायला नको. नेमक्या याच विषयावर खात्रीची माहिती मराठीत फारशी मिळत नाही. घरी बोलायची सोय नसते, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात पाऊल टाकायचा धीर होत नाही. मग ‘टी’ आधी सुरू केलेला एखादा मित्र सांगतो तेच खरं धरलं जातं. त्यातलं थोडं खरं असतं, थोडं अर्धवट असतं आणि एक-दोन गोष्टी सरळ धोक्याच्या असतात.

सुरुवातीचाच समज घ्या: पहिलं इंजेक्शन घेतलं की पुढची पाळी येतच नाही. बहुतेकांना ती येते. त्यापुढचीही येऊ शकते, आणि ती नेहमीपेक्षा कमी किंवा जास्त असू शकते, मागेपुढे होऊ शकते. पाळी थांबायला साधारण १ ते ६ महिने लागतात. ट्रान्सजेंडर आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘डब्ल्यूपॅथ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची आठवी मार्गदर्शिका २०२२ मध्ये आली, तिच्यातही हाच अंदाज दिला आहे. जेल लावणाऱ्यांना बरेचदा थोडा जास्त वेळ लागतो. तिसऱ्या महिन्यात पाळी आली म्हणून औषध लागू पडत नाही असं समजून खचून जाऊ नये. सहा महिने उलटून गेल्यावरही पाळी नियमित येत असेल, तर मात्र तपासणी करायला हवी.

एवढा वेळ का लागतो हे कळलं की पुढचे बरेच घोटाळे आपोआप सुटतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दर महिन्याला बीजकोशांना संदेश पाठवते. त्या संदेशावर बीज पिकतं, इस्ट्रोजेन वाढतं, गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर गळून पडतं आणि पाळी येते. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं वाढलं की पिट्युटरीचे हे संदेश दबतात. शिवाय टेस्टोस्टेरॉनचा थेट अस्तरावरही परिणाम होतो. दबतात हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. संदेश पूर्ण बंद होतीलच याची हमी नसते, आणि प्रत्येक शरीरात ते सारखेच दबतात असंही नाही. बीजकोश जागच्या जागी असतात आणि त्यांची क्षमता शाबूत असते.

मधूनच डाग दिसतात तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘डोस वाढव’. या सल्ल्याची मला खरोखर भीती वाटते. भारतात पुष्कळजण सस्टानॉनसारखं तेलातलं इंजेक्शन दोन किंवा तीन आठवड्यांनी घेतात. इंजेक्शननंतरच्या पहिल्या काही दिवसांत रक्तातलं टेस्टोस्टेरॉन चांगलंच वर जातं आणि मग उतरत जातं. समजा एकाने १ तारखेला इंजेक्शन घेतलं आणि पुढचं २२ तारखेला आहे. त्याला १८-१९ तारखेला डाग दिसतात, पुढच्या खेपेलाही शेवटच्या चार दिवसांतच दिसतात. इथे औषध कमी पडत नाही, दोन इंजेक्शनांमधलं अंतर जास्त पडतं आहे. डॉक्टर एकूण मात्रा तीच ठेवून ती लहान हिश्शांत, कमी अंतराने देऊ शकतात, किंवा सावकाश सुटणारं अनडेकॅनोएट सुचवू शकतात. त्याची दुसरी सुई सहा आठवड्यांनी आणि त्यापुढे साधारण १० ते १४ आठवड्यांनी असते. म्हणून इंजेक्शनची तारीख आणि डाग दिसल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून ठेवावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नको असेल तर फोनमध्ये. डॉक्टरांना या दोन तारखांवरून जेवढं कळतं, तेवढं ‘अधूनमधून होतं’ या वर्णनावरून कळत नाही.

रक्ततपासणीचीही वेळ असते. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला घ्यायच्या इंजेक्शनात पातळी दोन सुयांच्या बरोबर मध्ये मोजायची पद्धत आहे. अनडेकॅनोएटमध्ये पुढच्या सुईच्या अगदी आधी. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे मधल्या वेळची पातळी ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असावी. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एकदा-दोनदा.

आणि मनाने डोस वाढवला तर? जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनमधलं काही शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, त्यामुळे डोस वाढवून डाग थांबतीलच असं नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे रक्त घट्ट होतं. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात, त्यात दर महिन्याला रक्त जाणंही थांबलेलं असतं. त्यामुळे हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) वर जातात. थोडी वाढ अपेक्षितच आहे, पुरुषांच्या प्रमाणाइतकी. पण हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या पुढे गेलं तर गुठळी होण्याची भीती असते आणि औषध कमी करावं किंवा थांबवावं लागतं. जिमच्या ओळखीतून, चिठ्ठीशिवाय मिळवलेल्या इंजेक्शनात हे सगळं कोणीच पाहत नसतं. बाटलीत नेमकं काय आहे याचीही खात्री नसते.

आता सगळ्यात घातक समजाकडे येते: पाळी थांबली म्हणजे गर्भ राहू शकत नाही. राहू शकतो. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. पाळी बंद असतानाही एखाद्या महिन्यात बीज सुटू शकतं, आणि ते सुटतं पाळी येण्याच्या आधी. म्हणजे सावध व्हायला खूणही मिळत नाही. बाळाला जन्म दिलेल्या ४१ ट्रान्स पुरुषांचा एक अभ्यास अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या २५ जणांनी आधी टेस्टोस्टेरॉन घेतलेलं होतं, आणि त्यांतल्या काहींना पाळी परत सुरू होण्याच्या आधीच गर्भ राहिला होता. ज्याच्याशी संबंध येतो त्या जोडीदाराच्या शरीरात वीर्य तयार होत असेल आणि योनीमार्गे संबंध येत असेल, तर गर्भनिरोधक वापरायलाच हवं. पाळी वर्षभर आली नसली तरीही. गर्भ राहिलेला असताना टेस्टोस्टेरॉन चालू राहिलं तर वाढत्या गर्भाला अपायाचा धोका असतो, विशेषतः मुलीच्या जननेंद्रियांच्या घडणीत बिघाड होऊ शकतो. शंका आली की मेडिकलमधून किट आणून लघवीची तपासणी करावी. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी टेस्टोस्टेरॉन चालू असतानाही घेता येते.

गर्भनिरोधक म्हटलं की अनेकांच्या अंगावर काटा येतो, कारण ‘त्यात बायकांचे हार्मोन असतात’ असं ऐकलेलं असतं. काही गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं हे खरं, पण नुसतं प्रोजेस्टिन असलेले पर्याय वेगळे. त्यांनी दाढी-आवाजाचे बदल मागे फिरत नाहीत, उलट पाळी थांबायला मदतच होते. दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. ते याच जातीचं आहे. हार्मोन सोडणारी ‘मिरेना’ गर्भपिशवीत बसवली की काही वर्षं काम करते. तांबी मात्र विचार करून निवडावी, तिच्यात हार्मोन नसले तरी तिने रक्तस्राव वाढू शकतो.

लग्नकार्यात किंवा गणपतीत पाळी पुढे ढकलायला आपल्या घरांतून जी गोळी सर्रास घेतली जाते, ती नॉरएथिस्टेरॉनची. हेच औषध डॉक्टर ट्रान्स पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचा असर पुरता सुरू होईपर्यंत रोज घ्यायला देतात. त्याने रक्तस्राव थांबतो, पण याच गोळीवर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नये. आणि घरातल्या कपाटातून परस्पर उचलूही नये. मात्रा आणि मुदत डॉक्टरांनीच ठरवायची.

‘पाळी तुंबली की रक्त आत साठतं आणि पुढे गाठ होते’ ही समजूत आपल्याकडे आजीपासून चालत आलेली आहे, म्हणून आईलाही ती खरी वाटते. अस्तर जाड झालंच नाही तर गळून पडायला काही नसतं. साठणार काय? टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांच्या काढलेल्या गर्भपिशव्या तपासल्या तेव्हा काहींचं अस्तर अगदी पातळ दिसलं, काहींचं थोडंफार वाढतं दिसलं. टेस्टोस्टेरॉनमुळे कर्करोग वाढतो असा पुरावा मात्र मिळालेला नाही. म्हणूनच निव्वळ कर्करोगाच्या भीतीने, बाकी कुठलाही विशेष धोका नसताना, गर्भपिशवी किंवा बीजकोश काढू नयेत असं डब्ल्यूपॅथची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. महाराष्ट्राला हा मुद्दा कळायला हवा. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. ‘पिशवी काढून टाका, कटकट गेली’ हा सल्ला इथे किती सहज दिला जातो ते आपण पाहिलेलं आहे. एखाद्याला स्वतःच्या ओळखीसाठी ती शस्त्रक्रिया हवी असेल तर तो त्याचा हक्क आहे आणि तो त्याला मिळायलाच हवा. पण खोटी भीती घालून कोणाला टेबलावर नेऊ नये. दोन्ही बीजकोश काढल्यावर हाडं टिकवण्यासाठी हार्मोन कायम घ्यावे लागतात, हेही आधी सांगितलं गेलं पाहिजे.

मूल होण्याची दारं पहिल्या सुईबरोबर कायमची बंद होतात, हेही खरं नाही. औषध थांबवल्यावर बहुतेकांची पाळी काही महिन्यांत परत येते. फुटलेला आवाज मात्र मागे जात नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये केरळात कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एका ट्रान्स पुरुषाने बाळाला जन्म दिला. त्यासाठी त्याने हार्मोन उपचार मध्ये थांबवले होते. तरी कोणाच्या बाबतीत काय होईल याची खात्री आधी देता येत नाही, म्हणून बीज गोठवून ठेवायचं असेल तर तो विचार उपचार सुरू करण्याआधी केलेला बरा.

पाळी थांबली तरी ओटीपोटात कळ येऊ शकते, आणि ती मनाचा खेळ नसते. काहींना ती संबंधानंतर येते. कारणं अनेक असू शकतात: स्नायू आखडणं, योनीमार्गाचं आवरण पातळ आणि कोरडं होणं, आधीपासूनचा एंडोमेट्रिओसिस. प्रत्येकाचा उपाय वेगळा. कोरडेपणावर लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मलम असतं, ते रक्तात फारच थोडं उतरतं आणि टेस्टोस्टेरॉनच्या कामात आड येत नाही.

वर्षभर पाळी बंद राहून अचानक रक्त दिसलं, तर पाळी गेलेल्या बाईला दिसल्यावर जितक्या तातडीने दाखवतात तितक्याच तातडीने दाखवायला हवं. सुई चुकली होती का, ब्रँड बदलला का, हे आधी आठवून पाहावं. मग गर्भाची तपासणी, हार्मोनची पातळी, संसर्ग, फायब्रॉइड किंवा पॉलिप आहे का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी. तासाभरात पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. रक्त दिसलं म्हणून कोणाचं पुरुषपण कमी होत नाही. ही भीती मनात घर करते आणि तिच्यापायी माणसं महिनोन्‌महिने दवाखाना टाळतात, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

टाळण्यामागे दवाखान्यांचाही वाटा आहे. बायकांनी भरलेल्या बाकावर दाढीवाला तरुण बसलेला असतो आणि काउंटरवरून आधार कार्डावरचं जुनं नाव मोठ्याने पुकारलं जातं. हे टाळता येतं: वेळ घेताना फोनवर सांगून ठेवता येतं की आडनावाने हाक मारा, शक्य असेल तर शेवटची वेळ द्या. सोनोग्राफी योनीमार्गे नको असेल तर पाणी पिऊन, लघवी रोखून पोटावरून करायला सांगता येते. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. गर्भाशयमुख असेपर्यंत त्याच्या कर्करोगाची तपासणी लागतेच. टेस्टोस्टेरॉनमुळे तिथलं आवरण पातळ झाल्याने पॅप स्मिअरचा नमुना ‘अपुरा’ असा शेरा येऊन परत येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून नमुना घेणाऱ्याने प्रयोगशाळेच्या कागदावर ‘टेस्टोस्टेरॉन चालू, पाळी बंद’ एवढं लिहावं, आणि ते लिहिलं की नाही हे रुग्णाने विचारून घ्यावं.