कणा मोडल्यानंतर

उंचावरून पडलेल्या किंवा वाहनाखाली सापडलेल्या मनुष्याचा हात अथवा पाय मोडला म्हणजे आप्तेष्टांना काळजी वाटते, पण निराशा वाटत नाही. हाड सांधते हे सर्वांना ठाऊक असते. पाठीचा कणा मोडला असे कळताच मात्र घरच्या मंडळींचा धीर सुटतो. हा फरक अकारण नाही. परंतु त्याचे खरे कारण फार थोड्यांना माहीत असते. कण्याचे हाडही इतर हाडांप्रमाणेच सांधते. सांधत नाही ती त्या हाडाच्या पोटात जतन करून ठेवलेली वस्तू.

बालकाच्या कण्यात साधारणतः 33 मणके असतात. प्रौढपणी त्यांपैकी 24 मोकळे राहतात व तळाचे मणके एकमेकांत जुळून माकडहाड आणि त्याच्या वरचे त्रिकोणी हाड तयार होते. प्रत्येक मोकळ्या मणक्याच्या मागील बाजूस एक कमान असते. या कमानी एकीवर एक आल्या की त्यांची नळी बनते आणि त्या नळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. त्याची लांबी सुमारे 45 सेंटिमीटर आणि जाडी करंगळीएवढी. चालावे, बसावे, हात उचलावा ही आज्ञा या दोरीतून खाली जाते, आणि ऊन, थंडी, वेदना यांची वार्ता तिच्यातूनच वर येते. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी हा रज्जू संपतो. त्याच्या खाली केवळ मज्जातंतूंचा झुपका लोंबत असतो.

म्हणूनच इजा कोठे झाली यास फार महत्त्व आहे. मानेच्या वरच्या भागात रज्जू तुटला तर हातपाय तर जातातच, पण श्वासाचा पडदा हलविणारे तंतूही निकामी होऊन प्राणच संकटात येतो. पाठीत इजा झाल्यास हात शाबूत राहतात व अधरांगवायू होतो. अगदी खाली, तंतूंच्या झुपक्याला मार बसला असल्यास सुधारणेची आशा अधिक. कारण या तंतूंच्या अंगी पुन्हा वाढण्याची शक्ती थोडीफार असते. प्रत्यक्ष रज्जूला ती जवळजवळ नाही.

या दुखण्यापुढे वैद्यांनी हात टेकले त्याला हजारो वर्षे झाली. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 च्या एका ईजिप्शियन पपायरसमध्ये शस्त्राघातांची व इतर इजांची वर्णने आहेत. त्यांत मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या मनुष्याचे वर्णन अचूक केले असून, या विकारावर उपाय करू नये असा निर्वाळा दिला आहे. 1805 साली ट्रॅफल्गारच्या लढाईत इंग्रजांचा सेनापती नेल्सन याच्या कण्यात गोळी घुसली, तेव्हा छातीखालची संवेदना गेल्याचे त्याने स्वतःच शस्त्रवैद्यास सांगितले. आपण वाचणार नाही हे त्याला कळून चुकले होते. सुमारे तीन तासांत त्याचा अंत झाला. पुढे पहिल्या महायुद्धातही कण्याची इजा झालेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरण पावले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हे सैनिक कणा मोडला म्हणून मरत नव्हते. निरोगी मनुष्य झोपेतही नकळत अनेकदा कूस बदलतो, कारण दबलेली कातडी कुरकुर करते आणि ती कुरकुर मेंदूपर्यंत पोहोचते. रज्जू तुटलेल्या रुग्णाला ही तक्रार ऐकूच येत नाही. माकडहाड, खुबे व टाचा यांखालची कातडी काही तास सतत दबून राहिली की तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती मरते आणि शय्याव्रण होतो. तो वाढत वाढत हाडाला भिडतो. दुसरीकडे मूत्राशय आपण होऊन रिकामे होत नाही. मूत्र तुंबते, त्यात जंतू वाढतात आणि विष मूत्रपिंडांपर्यंत चढते. या दोन वाटांनी आलेला जंतुदोषच रुग्णाचा बळी घेई, आणि दोष मात्र कण्याच्या माथी मारला जाई.

हे ज्याने ओळखले तो लुडविग गुटमान हा जर्मन यहुदी वैद्य. 1917 साली, अवघ्या अठरा वर्षांचा असताना, तो खाणकामगारांच्या एका रुग्णालयात सेवक म्हणून राबत होता. तेथे कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार आला. त्याला प्लॅस्टरमध्ये जखडून पडद्याआड ठेवले गेले, आणि त्याच्या टिपणांची दगदग करू नये, तो थोड्याच आठवड्यांचा सोबती आहे, असे गुटमानला सांगण्यात आले. पाच आठवड्यांत तसेच घडले. पुढे गुटमान ब्रेस्लाउ येथे मोठ्या कीर्तीचा मज्जाविशारद झाला. परंतु नाझी राजवटीच्या छळामुळे 1939 साली त्याला सहकुटुंब इंग्लंडला जावे लागले. 1 फेब्रुवारी 1944 रोजी स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात कण्याच्या इजांसाठी स्वतंत्र विभाग उघडला व तो त्याच्या हाती देण्यात आला. हे काम त्याने स्वीकारावे याचेच इतर वैद्यांना नवल वाटले.

गुटमानने कोणतेही नवे औषध शोधले नाही. त्याने प्लॅस्टरची कवचे काढून टाकविली, रुग्णांना उशांवर निजविले आणि दर दोन तासांनी, रात्रीदेखील, त्यांची कूस बदलण्याचा दंडक घातला. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास तो स्वतः मध्यरात्री वॉर्डात येई. मूत्राशय रिकामे करण्याचे काम शस्त्रक्रियेइतक्या स्वच्छतेने होऊ लागले. नुकतेच हाती आलेले पेनिसिलिनही साहाय्यास होते. परंतु खरा भार परिचारिकांनी आणि सेवकांनीच उचलला. वैद्यकाच्या इतिहासात घड्याळाने एवढे प्राण क्वचितच वाचविले असतील.

जगलेल्या रुग्णांनी करावे काय, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर त्याने कामाने व खेळाने दिले. 29 जुलै 1948 रोजी, लंडनचे ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या आवारात चाकांच्या खुर्चीत बसलेल्या 16 जखमी सैनिकांनी, ज्यांत दोन स्त्रिया होत्या, धनुर्विद्येचा सामना खेळला. त्याचेच पुढे पॅरालिंपिक झाले.

शस्त्रक्रियेविषयी लोकांच्या अपेक्षा मोठ्या असतात. 1887 साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली याने एका रुग्णाच्या कण्यातील गाठ काढली, आणि लुळा पडलेला तो मनुष्य पुन्हा चालू लागला. रज्जू केवळ दबलेला असेल तर दाब काढताच तो सावरू शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. कण्याच्या क्षयातही असेच घडते. पू व कुजलेले हाड यांनी दबलेला रज्जू औषधांनी, क्वचित शस्त्रक्रियेने मोकळा झाला की पुष्कळांचे पाय परत येतात. म्हणून प्रत्येक अधरांगवायू असाध्य समजणे चुकीचे ठरेल. अपघातात चिरडलेल्या रज्जूची गोष्ट निराळी. तेथे शस्त्रवैद्य कमान काढून जागा मोकळी करतो आणि स्क्रू व सळ्या बसवून मणके स्थिर करतो. तुटलेले तंतू त्याला जोडता येत नाहीत. गुटमान या शस्त्रक्रियांना प्रतिकूल होता. आज बहुतेक तज्ज्ञ त्या लवकर कराव्यात असे मानतात, कारण उरलेसुरले तंतू वाचतात आणि रुग्णाला लवकर उठून बसता येते. रज्जूला विजेची चेतना देऊन काही रुग्णांना पावले टाकता आली आहेत. परंतु तो उपाय अद्याप सर्वांच्या आवाक्यातला नाही.

रस्त्यावर जमलेली मंडळी मात्र दयेच्या पोटी भलतेच करतात. पडलेल्यास बखोटीला धरून उठवितात, पाणी पाजतात, रिक्षात बसवितात. मणका मोडलेला असला आणि रज्जू अजून शाबूत असला तर या उचलण्यानेच तो तुटू शकतो. जीवाला दुसरा तातडीचा धोका नसल्यास त्याला आहे तसाच पडू द्यावे, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे आणि महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हलविणे भागच पडले तर तिघाचौघांनी डोके, धड व पाय एका ओळीत ठेवून ओंडक्यासारखे एकदम वळवावे आणि ताठ फळीवर घ्यावे.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि त्यांचे पाय लुळे झाले. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते; जखमी झाल्यानंतर पोहू लागले. 1972 साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. भारताच्या वाट्याला आलेले त्या सामन्यांतील ते पहिलेच सुवर्णपदक. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

घरी आलेल्या रुग्णाची निगा आजही स्टोक मँडेव्हिलच्याच धर्तीवर चालते. रात्री ठरलेल्या वेळी कूस बदलायची. खुर्चीत असताना दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचे. मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे करायचे. गरम पाण्याची पिशवी पायांजवळ कधीही ठेवायची नाही, कारण भाजले तरी कळत नाही. आणि रोज सकाळी हातआरशात पाठ, खुबे व टाचा पाहून घ्यायच्या. कोठे लाल डाग दिसला व दाब काढल्यावरही तो मावळला नाही, तर तो पूर्ववत होईपर्यंत त्या अंगावर मुळीच निजायचे नाही.