आगीने राखलेले दफ्तर

क्रीट बेटावरील क्नोसॉस येथे मार्च १९०० मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख आर्थर इव्हान्स यांनी उत्खनन आरंभिले, तेव्हा त्यांना मुख्यतः शोध होता तो लेखनाचा. कारण अथेन्सच्या बाजारात मिळालेल्या जुन्या मुद्रामण्यांवरील चिन्हे पाहून, ग्रीक वर्णमाला जन्मास येण्यापूर्वी कित्येक शतके या बेटावर लेखनविद्या नांदत होती, अशी त्यांची खात्री पटलेली होती. आठवडाभरातच त्यांच्या मजुरांच्या कुदळीला मातीच्या पाट्या लागू लागल्या. काही चौकोनी, काही पानासारख्या लांबट अशा या पाट्यांवर माती ओली असतानाच अणकुचीदार साधनाने चिन्हे कोरलेली होती. क्रीटमध्ये रेघांनी बनलेल्या दोन लिप्या आढळल्या; त्यांपैकी जुनीस इव्हान्स यांनी ‘लिनिअर ए’ व नंतरचीस ‘लिनिअर बी’ असे नाव दिले. पुढे अर्धशतकभर विद्वानांना झुलवीत ठेवले ते या दुसऱ्या लिपीने.

या पाट्या दीर्घकाळ टिकाव्यात, असा त्या लिहिणाऱ्या कारकुनांचा मुळीच हेतू नव्हता. त्या भट्टीत भाजलेल्या नव्हत्या, नुसत्या वाळविलेल्या होत्या. आणि चालू सालाचे काम आटोपल्यावर त्यांची गरजही उरत नसे. ज्या राजवाड्यांत या पाट्या होत्या, ते जळाले, आणि ज्या आगीने धान्य, तेल, लाकूड व वस्त्रे यांची राख केली, तिनेच ही कच्ची माती भाजून तीन सहस्र वर्षांहून अधिक काळ राखली. जेथे आग पुरेशी पोहोचली नव्हती, तेथील पाट्या किती नाजूक होत्या हे एका प्रसंगावरून कळते: नुकत्याच काढलेल्या काही पाट्या इव्हान्स यांनी रात्रीपुरत्या एका कोठारात ठेवल्या, छप्पर गळले, आणि सकाळी तेथे केवळ चिखलाचे गोळे उरले होते.

इव्हान्स यांची विद्वत्ता निर्विवाद होय. परंतु हजारो पाट्या हाती असूनही त्यांतील फारच थोड्या त्यांनी प्रसिद्ध केल्या, आणि १९४१ मध्ये त्यांचे देहावसान होईपर्यंत इतर अभ्यासकांना जवळजवळ रिकाम्या हाताने काम करावे लागले, हा दोष लहान म्हणता येणार नाही. दरम्यान १९३९ मध्ये अमेरिकन संशोधक कार्ल ब्लेगेन यांनी ग्रीसच्या मुख्य भूमीवर पायलॉस येथे खणावयास घेतले, आणि त्यांचा पहिलाच चर थेट दफ्तरखान्यात उतरून त्या हंगामात लिनिअर बी लिपीतील सुमारे सहाशे पाट्या हाती आल्या. लगोलग महायुद्ध भडकले. पाट्या अथेन्समधील बँकेच्या तळघरात गेल्या आणि त्यांचे वाचन लांबणीवर पडले.

अशा काळात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या अ‍ॅलिस कोबर या विदुषीने जे काम केले, त्याची योग्यता माझ्या मते अजून पुरती ओळखली गेलेली नाही. भाषा अज्ञात, लिपीही अज्ञात. अशा कोड्यात बहुतेक जण आधी एखादी भाषा गृहीत धरीत आणि मग तिला चिन्हे जुळवू पाहत. ही रीत कोबरबाईंनी साफ नाकारली. कोणत्या चिन्हाचा उच्चार काय, हा प्रश्न त्यांनी बाजूस ठेविला; कोणते चिन्ह कोठे येते, कोणाच्या शेजारी येते, शब्दाच्या आरंभी किती वेळा व अंती किती वेळा, एवढ्याच गोष्टींची त्या मोजदाद करीत राहिल्या. युद्धकाळी कागदाची टंचाई, म्हणून शुभेच्छापत्रांच्या व छापील पत्रकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांनी सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या तयार केल्या आणि सिगारेटच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत क्रमवार लावल्या. संस्कृतासह अनेक प्राचीन भाषा त्यांनी अभ्यासिल्या होत्या, त्या त्यांपैकी एखादी या लिपीवर लादण्यासाठी नव्हे. भाषांची घडण किती प्रकारची असू शकते, हे जाणण्यासाठी.

त्यांच्या हाती जे सूत्र लागले, ते मराठी वाचकास सहज उमगेल. समजा, आपल्या लिपीत काना, वेलांटी, मात्रा यांपैकी काहीच नाही आणि प्रत्येक पूर्ण अक्षरास एक स्वतंत्र, दुसऱ्याशी कसलेही साम्य नसलेले चिन्ह आहे. मग ‘घोडा’ आणि ‘घोडी’ हे शब्द लिहिताना पहिले चिन्ह तेच राहील, पण ‘डा’ आणि ‘डी’ ही दोन परस्परांस अनोळखी चिन्हे दिसतील. भाषा ठाऊक नसलेला चाणाक्ष वाचक यावरून एवढे ताडील, की येथे शब्दाचे रूप पालटते आहे, तेव्हा या दोन चिन्हांत व्यंजन बहुधा एकच असून स्वर मात्र निराळा असावा. ‘काळा-काळी’, ‘मुलगा-मुलगी’ या जोड्या शेजारी मांडल्या, की ‘डा’, ‘ळा’ आणि ‘गा’ यांत स्वर समान असावा, हेही त्यास कळेल. एकही उच्चार ठाऊक नसताना अशा रीतीने बाराखडीचा तक्ता मांडता येतो: ओळीत एक व्यंजन, उभ्या रकान्यात एक स्वर, आणि सगळी घरे अद्याप मुकी. १९४५ ते १९४८ या काळातील निबंधांत कोबरबाईंनी या भाषेत शब्दांना विभक्तीसारखे विकार होतात हे सिद्ध केले, आणि तक्त्यातील पहिली काही चिन्हे मांडून दाखविली. १९५० मध्ये, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

तक्ता पुरा केला तो मायकेल व्हेंट्रिस यांनी. हे व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ. चौदा वर्षांचे असताना लंडनच्या एका प्रदर्शनात वृद्ध इव्हान्स यांच्या तोंडून या अवाचित पाट्यांविषयी त्यांनी ऐकिले होते, आणि तो ध्यास त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. शब्दारंभी वारंवार येणारे एक चिन्ह ‘अ’ असावे, सायप्रसच्या जुन्या लिपीशी मिळतीजुळती दोन-तीन चिन्हे तेथल्याच उच्चारांची असावीत, अशी मोजकी गृहीते घेऊन त्यांनी क्नोसॉसच्या पाट्यांतच येणारे, म्हणून बहुधा तेथल्या गावांची नावे असावीत असे, काही शब्द तपासले. त्यांत क्नोसॉसचे बंदर अम्निसॉस उमटले. तक्त्यातील एक घर भरताच त्याच्या ओळीतील व रकान्यातील घरे आपोआप भरू लागली, आणि पाठोपाठ खुद्द क्नोसॉसचे नाव आले. भाषा प्राचीन इटलीतील एट्रुस्कनसारखी काही असेल, असे व्हेंट्रिस वर्षानुवर्षे मानीत आले होते. निघाली ती ग्रीक, होमरच्याही पाचशे वर्षे आधीची. १ जुलै १९५२ रोजी बीबीसी नभोवाणीवरून त्यांनी हे जाहीर केले, आणि केंब्रिजचे जॉन चॅडविक त्यांचे सहकारी झाले.

संशय घेणारे पुष्कळ होते, आणि तो घ्यावयासच हवा होता. त्यांचे समाधान केले ते पायलॉसच्या एका पाटीने. व्हेंट्रिस यांनी जी पाहिलीही नव्हती अशी ही नवी पाटी ब्लेगेन यांनी १९५३ मध्ये त्यांच्याच तक्त्याप्रमाणे वाचून पाहिली. ‘ति-रि-पो-दे’ या अक्षरांपुढे तिपाई कढयांचे चित्र, ज्या शब्दात ‘चार’ हा अंश निघे, त्यापुढे चार कानांचे भांडे, ‘तीन’पुढे तीन कानांचे, आणि ‘बिनकानाचे’ असा अर्थ निघे, तेथे चित्रातील भांड्यास खरोखरच कान नव्हते. इतका मेळ योगायोगाने बसत नाही.

मग या पाट्यांत निघाले काय? ना काव्य, ना राजांची वंशावळ, ना युद्धवर्णन; निघाला तो जमाखर्च. क्नोसॉसच्या पाट्यांत सुमारे एक लाख मेंढ्यांची नोंद आहे: कोणत्या गावी, कोणत्या धनगराकडे किती, आणि ठरलेल्या संख्येत किती तूट. पायलॉसला लोहारांकडे दिलेल्या कांशाचा हिशेब आहे, वल्हेकऱ्यांची यादी आहे, किनाऱ्यावर नेमलेल्या सुमारे आठशे पहारेकऱ्यांच्या तुकड्या आहेत. शेकडो कष्टकरी स्त्रिया मुलांसह नोंदल्या आहेत. त्यांचा गहू व अंजिरांचा शिधा ठरलेला आहे, आणि त्यांतील काही जणींची ओळख मिलेटस, निडॉस, लेम्नॉस अशा समुद्रापलीकडील ठिकाणांवरून दिली आहे. त्या तेथे कशा आल्या असतील, हे कारकुनाने लिहिले नाही. पण एका जागी ‘बंदिवान’ अशा अर्थाचा शब्द येतो, आणि वाचणाऱ्याचा जीव कळवळतो.

एरिथा नावाच्या पुजारिणीचा जमिनीचा वाद तर आपल्याकडील इनामाच्या तंट्यांची आठवण करून देणारा आहे. ही जमीन आपण देवतेप्रीत्यर्थ विशेष हक्काने धारण करतो, असा तिचा दावा. गावपांढरीचे म्हणणे, की ती इतरांप्रमाणेच साध्या खंडाने आहे. कारकुनाने दोन्ही बाजू नमूद करून ठेविल्या, निवाडा मात्र कोठेही सापडलेला नाही. क्नोसॉसच्या एका नोंदवहीत तर बैलांच्या जोड्याही नावानिशी आल्या आहेत: एक काळा, एक पांढऱ्या पायांचा. डायोनायसस हा देव ग्रीसमध्ये फार उशिरा आला, असे पंडित मानीत. त्याचेही नाव लिनिअर बीच्या पाट्यांत आहे.

महाकाव्य न मिळाल्याची खंत अनेकांनी व्यक्त केली. मला ती मान्य नाही. राजाच्या कीर्तीसाठी कोरलेला शिलालेख भावी पिढ्यांकडे पाहून लिहिलेला असतो. मेंढ्यांची तूट मांडणारा कारकून कोणावर छाप पाडावी म्हणून लिहीत नव्हता, म्हणूनच त्याच्या साक्षीला मोल आहे. पाट्यांच्या मातीवर ती मळणाऱ्यांच्या तळहातांचे ठसेही उरले आहेत. क्नोसॉसच्या पाट्यांवर काही ठसे लहान मुलांचे आहेत. दफ्तराच्या कामात मुलेही राबत होती, ही गोष्ट कोणत्याही महाकाव्याने आपणांस सांगितली नसती.

व्हेंट्रिस १९५६ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी मोटार अपघातात गेले. चॅडविक यांच्यासह लिहिलेला त्यांचा मुख्य ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. लिनिअर ए अजून वाचली गेलेली नाही. दोन्ही लिप्यांत बरीच चिन्हे समान असल्याने तिचे उच्चार अदमासाने करता येतात, बेरजेच्या ठिकाणी येणारा ‘एकूण’ अशा अर्थाचा शब्दही ओळखता येतो. परंतु भाषा अज्ञात आहे आणि मजकूर फार थोडा. ती सोडविल्याच्या घोषणा अधूनमधून होत असतात, आणि त्यांतील बहुतेक आधी भाषा गृहीत धरूनच निघालेल्या असतात. या वाटेस जाऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्याने प्रथम कोबरबाईंचे ते निबंध वाचावेत, आणि त्यानंतरच पाट्यांच्या चित्रांना हात घालावा.