जामीन, स्ट्राइक आणि मालकाची मर्जी

वाराणसीच्या मैदागिन भागात पत्रकारांची एक वास्तू आहे. तिचं नाव पराडकर स्मृती भवन. बाबूराव विष्णु पराडकर हे नाव महाराष्ट्रात आज फारसं कुणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते. 1883 साली काशीतल्या एका मराठी घरात ते जन्मले, आयुष्यभर हिंदीत लिहीत राहिले आणि 1955 साली काशीतच गेले. डिजिटल काळातला कॉपीराइट, बड्या कंपन्या आणि बोलण्याचं स्वातंत्र्य समजून घ्यायचं तर मी पराडकरांपासून सुरुवात करीन. आज यूट्यूबवर जे घडतं आहे, त्याचे दोन्ही धागे त्यांच्या हयातीत आपल्याकडे दिसले होते. एक धागा आधी पैसे भरायला लावून तोंड बंद करण्याचा आणि दुसरा मालकाने लेखणी ताब्यात घेण्याचा.

पराडकरांचा इशारा

सखाराम गणेश देउस्कर हे पराडकरांचे मामा. त्यांनी बंगालीत लिहिलेलं 'देशेर कथा' 1904 साली आलं आणि 1910 साली सरकारने त्यावर बंदी घातली. पराडकर कलकत्त्यात 'हितवार्ता', मग 'भारतमित्र' अशा पत्रांत होते. 1916 साली क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांना पकडण्यात आलं आणि ते काही वर्षं स्थानबद्धतेत राहिले. सुटल्यावर ते काशीला परतले. तिथे शिवप्रसाद गुप्त यांनी 5 सप्टेंबर 1920 रोजी 'आज' हे दैनिक सुरू केलं होतं. 'आज' आणि पराडकर ही नावं पुढे जोडीनेच घेतली जाऊ लागली.

1925 साली वृंदावनला हिंदी संपादकांचं संमेलन भरलं. अध्यक्षपदावरून पराडकरांनी जे सांगितलं ते आजही वाचणाऱ्याला थांबवतं. पुढची वृत्तपत्रं देखणी असतील, छपाई उत्तम असेल, चित्रं असतील, खपही वाढेल, पण त्यांच्यातला जीव गेलेला असेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पत्र चालवायला इतकं भांडवल लागेल की धोरण भांडवलवाला ठरवील आणि संपादकाला आज जेवढी मोकळीक आहे तेवढीही उरणार नाही. इंग्रज सरकारचा धाक समोर असताना त्यांनी मालकाच्या धाकाबद्दल बोलावं, यात त्यांची दूरदृष्टी दिसते.

जामीन म्हणजे काय होतं

1910 च्या प्रेस अ‍ॅक्टने सरकारला एक सोपं हत्यार दिलं. छापखान्याच्या मालकाकडून 500 ते 2000 रुपये जामीन मागता येई. मजकूर आक्षेपार्ह वाटला की सरकार तो जामीन जप्त करी. पुन्हा छापायचं तर 1000 ते 10,000 रुपयांचा नवा जामीन. पुन्हा चूक झाली असं सरकारला वाटलं, तर जामिनासोबत छापखानाही जप्त. यासाठी आधी खटला चालवण्याची गरज नव्हती.

उच्च न्यायालयात दाद मागता येई, पण कशी? 1913 साली मौलाना मोहम्मद अली कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेन्किन्स यांच्या निकालातून कायद्याचं खरं रूप बाहेर आलं. आपला मजकूर कायद्यात सांगितलेल्या कुठल्याही प्रकारात बसत नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचं होतं, आणि ते जवळपास अशक्य होतं. पराडकर तेव्हा कलकत्त्यातच पत्रकारिता करत होते.

हा कायदा 1922 साली रद्द झाला, पण 1930 च्या सविनय कायदेभंगात वटहुकमाच्या रूपाने जामीन परत आला. तेव्हा काशीत पराडकर आणि त्यांचे सहकारी 'रणभेरी' नावाचं गुप्त पत्र सायक्लोस्टाइल करून काढत. पोलीस शोध घेत आणि छपाईची जागा बदलत राही. त्याच वर्षी प्रेमचंदांनी काशीतून 'हंस' सुरू केलं होतं. 1936 साली सेठ गोविंददास यांच्या एका नाटकावरून 'हंस'कडे जामीन मागितला गेला. तेव्हा मासिक ज्या भारतीय साहित्य परिषदेकडे होतं, तिने ते बंद करायचं ठरवलं. आजारी प्रेमचंदांनी ते पुन्हा आपल्या हातात घेतलं, जामीन भरायला लावला आणि अंक चालू ठेवला. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला ते गेले.

कॉपीराइट कशावर असतो

आता डिजिटल काळाकडे येऊ. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षं हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत 50 वर्षं होती. रवींद्रनाथांच्या लेखनावरचा हक्क 1991 अखेर संपणार होता, म्हणून ती वाढवली गेली. प्रेमचंदांचं लेखन त्याआधीच, 1986 अखेर, सर्वांचं झालं होतं. म्हणूनच 'गोदान'च्या इतक्या प्रकाशकांच्या आवृत्त्या दुकानात दिसतात.

कॉपीराइट मांडणीवर असतो. कल्पनेवर, विषयावर आणि घटनेवर नसतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात 1978 साली हे स्पष्ट केलं. गंगेला पूर आला ही बातमी कुणाच्या मालकीची नाही, पुराचं एखाद्या कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य मात्र असतं.

त्या दृश्याचाही काही भाग इतरांना वापरता येतो. कलम 52 नुसार टीका, परीक्षण, अभ्यास, संशोधन आणि चालू घडामोडींचं वृत्त यासाठी केलेला रास्त वापर हा भंग ठरत नाही. 2012 च्या दुरुस्तीने ही मुभा चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांनाही लागू झाली. पाच सेकंद चालतात, दहा चालत नाहीत, असं सर्रास बोललं जातं. असा आकडा कायद्यात कुठेही नाही. वापर कशासाठी, किती आणि त्यामुळे मूळ मालकाचा बाजार मारला जातो का, हे न्यायालय पाहतं.

पुढची मेख घाटावर व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. चित्रीकरणात मागे सहज आलेलं शिल्प किंवा चित्र चालतं, तशी कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. पण ती कलाकृतीपुरती आहे, संगीतासाठी नाही. दशाश्वमेध घाटावर तुम्ही नावाड्याची मुलाखत घेता आहात आणि मागे भोंग्यावर कुठल्या तरी कंपनीची शहनाईची ध्वनिमुद्रिका वाजते आहे, तर देवळाच्या भिंतीवरचं शिल्प तुम्हाला नडणार नाही, ती शहनाई नडू शकते. न्यायालयात गेलात तर इतका किरकोळ वापर दुर्लक्षित होण्याची बरीच शक्यता आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2012 साली इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्स यांच्या वादात गाण्याच्या ओळींच्या अल्प वापराबाबत तशीच भूमिका घेतली होती. पण प्रकरण न्यायालयापर्यंत जातच नाही.

स्ट्राइक कशी लागते

यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली म्हणजे क्लेम. 2007 पासून चालू असलेली कंटेंट आयडी ही यंत्रणा नव्या व्हिडिओचा आवाज आणि चित्र मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळलं की मालक व्हिडिओ अडवू शकतो किंवा त्यावरच्या जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवू शकतो. ताडणी यंत्राची असते. समीक्षा कोणती आणि चोरी कोणती, हे यंत्राला कळत नाही.

दुसरी म्हणजे स्ट्राइक. मालकाने रीतसर तक्रार केली की व्हिडिओ उतरतो आणि चॅनेलवर खूण बसते. 90 दिवसांत अशा तीन खुणा झाल्या की अख्खं चॅनेल, जुन्या सगळ्या व्हिडिओंसह, जाऊ शकतं. जामीन, मोठा जामीन आणि मग छापखाना जप्त ही 1910 ची पायरी इथे आठवल्याशिवाय राहत नाही. फरक इतकाच की आता पायरीवर सरकारऐवजी खासगी कंपनी उभी आहे.

हरकत घेता येते. त्याला काउंटर नोटिफिकेशन म्हणतात. ती भरताना तुमचं नाव आणि संपर्काचा तपशील द्यावा लागतो आणि तो तक्रारदाराकडे जातो. मग त्याने अमेरिकी कामकाजाच्या 10 दिवसांत न्यायालयात गेल्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर व्हिडिओ परत येतो. कागदावर हे ठीक दिसतं. पण मोठ्या माध्यमसमूहाला पत्ता कळवून दाव्याचं आव्हान देण्याइतकी हिंमत किती जणांत असेल? त्यातून कलम 62 मुळे मालक स्वतःच्या गावी दावा लावू शकतो. व्हिडिओ वाराणसीच्या लंका भागातल्या खोलीत बसून केलेला असतो आणि तारखा मात्र दिल्लीत पडतात.

हरकतीचा मार्ग सोडला तर स्ट्राइक लगेच मागे घेणं ज्याने ती दिली त्याच्याच हातात असतं. सौद्याची सारी ताकद तिथे आहे.

2025 चा वाद

मे 2025 मध्ये यूट्यूबर मोहक मंगल यांनी एका व्हिडिओत आरोप केला की एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्या व्हिडिओंतल्या काही सेकंदांच्या दृश्यांवरून स्ट्राइक दिल्या आणि त्या मागे घेण्यासाठी परवाना म्हणून पन्नास लाखांच्या घरातली रक्कम मागितली. पाठोपाठ इतर काही यूट्यूबरही असेच अनुभव सांगू लागले. एएनआयचं म्हणणं असं की दृश्यं आमची आहेत, ती टिपायला आम्ही खर्च करतो आणि कायद्याने दिलेला हक्क बजावणं म्हणजे खंडणी नव्हे. संस्था मानहानीचा दावा घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिथे मंगल यांना व्हिडिओतले काही भाग काढावे लागले.

एएनआयचा मूळ मुद्दा खोटा नाही. वार्ताहर पाठवायला पैसे लागतात. माझा आक्षेप दामाच्या वेळेवर आहे. वापर रास्त होता की नाही हे कुणीच ठरवलेलं नसताना, चॅनेल बंद पडण्याच्या भीतीखाली किंमत ठरते. जो भरू शकतो तो बोलतो. ज्याला परवडत नाही तो पुढच्या वेळी त्या विषयालाच हात लावत नाही, आणि हे गप्प बसणं कुठल्याही नोंदवहीत येत नाही.

आपला नियम वेगळं सांगतो

भारतीय कायदा इतका एकतर्फी नाही. 2013 च्या कॉपीराइट नियमांतला नियम 75 सांगतो की तक्रार लेखी हवी आणि हा वापर कलम 52 मध्ये बसत नाही हे तक्रारदाराने दाखवायला हवं. दावा लावून 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देईन, असं लेखी वचनही त्यानेच द्यायचं. खात्री पटली तर माध्यमाने 36 तासांत मजकूर अडवायचा, आणि 21 दिवसांत आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. जेन्किन्स यांना 1913 साली जे ओझं लेखकाच्या पाठीवर दिसलं होतं, ते इथे तक्रारदाराच्या पाठीवर आहे. पण यूट्यूबची रोजची कार्यपद्धती 1998 च्या अमेरिकी कायद्याच्या साच्यातली आहे. तिच्यात आधी मजकूर उतरतो आणि ओझं परत बोलणाऱ्याकडे येतं.

कॉपीराइट शत्रू नव्हे

कॉपीराइट गेलाच पाहिजे, असं मला वाटत नाही. बनारसच्या शहनाईवाल्याला, ठुमरी गाणाऱ्या बाईला एकरकमी पैसे देऊन कंपनीने मुद्रण नेलं आणि पुढे कित्येक वर्षं कमावलं, असंच संगीताचं क्षेत्र दीर्घकाळ चाललं. 2012 ची दुरुस्ती जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी लावून धरली म्हणून गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा सहीच्या एका फटक्यात लिहून घेता येईनासा झाला. त्याच वेळी कलाकारांचे हक्कही बळकट झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये एएनआयच ओपनएआयविरुद्ध न्यायालयात गेली, कारण आपल्या बातम्या न विचारता यंत्राला शिकवण्यासाठी वापरल्या असं तिचं म्हणणं आहे. एकच हक्क मोठ्यासमोर ढाल होतो आणि लहानासमोर दंडुका.

पराडकरांनी ज्याची चिंता केली, तेही 1957 च्या याच कायद्याच्या कलम 17 मध्ये दिसतं. वृत्तपत्राच्या नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराच्या वृत्तपत्रीय प्रकाशनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा.

स्ट्राइक आली तर

पहिलं काम, मूळ फाइल आणि आलेली प्रत्येक ईमेल जपून ठेवा. फोनवर सौदा करू नका, रकमेची मागणी लेखी मागा. आपला वापर टीका होता, परीक्षण होतं की चालू घडामोडींचं वृत्त, हे दोन ओळींत लिहून काढा, हरकतीत तेच लागतं. कलम 60 चा वापर फार कमी होतो, तो वाढायला हवा. कॉपीराइटच्या नावाने कुणी निराधार धमकी दिली, तर धमकी मिळालेला माणूस स्वतः न्यायालयात जाऊन ती थांबवू शकतो आणि नुकसानभरपाई मागू शकतो. समोरच्याने वेळेत भंगाचा दावा लावून तो चालवला तर मात्र हे कलम उपयोगी पडत नाही.

आणि सरकारकडे एक मागणी लावून धरावी लागेल. भारतातल्या तक्रारदाराने भारतातल्या चॅनेलविरुद्ध केलेली तक्रार नियम 75 प्रमाणेच घेतली जावी. कलम 52 बद्दलचं त्याचं लेखी म्हणणं आणि 21 दिवसांचं वचन व्हिडिओ उतरवण्याआधी चॅनेलवाल्याच्या हातात पडलं पाहिजे.