शंकू उलगडत का नाही?

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे दिवस आले की होस्टेलच्या कुठल्या ना कुठल्या रूममधून एक तक्रार हमखास ऐकू येते, "मॉडेल झकास झालंय रे, पण फ्लॅटच होत नाही!" बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर एखादा हॉपर नाहीतर सायक्लोन असतो. यात नवल काहीच नाही. नांदेड-लातूरकडे मेकॅनिकलचा प्रोजेक्ट म्हटला की दाल मिल, ऑईल मिल नाहीतर साखर कारखाना, आणि या तिन्ही ठिकाणी मान वर केली की शंकू दिसतो. लातूरच्या एमआयडीसीतल्या दाल मिलमध्ये तूर ज्यातून खाली पडते तो हॉपर शंकूचा, हवेतून भुसा आणि धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनचा खालचा भाग शंकूचा, साखर कारखान्यातल्या व्हॅक्यूम पॅनचा तळ शंकूचा. फार कशाला, स्वयंपाकघरातलं तेलाचं नरसाळं म्हणजे तरी दुसरं काय?

आता यात अडचण अशी की मॉडेल कितीही देखणं असलं तरी फॅब्रिकेशनवाल्याला त्याचा उपयोग नाही. त्याच्याकडे सपाट पत्रा आहे. तो कोणत्या आकारात कापायचा एवढंच त्याला हवं आहे. अडीच मीटर बाय सव्वा मीटरचा तीन मिलिमीटर जाडीचा एक पत्रा जवळजवळ ७४ किलो भरतो. चुकीचा कापला तर तो भंगारच्या भावात जातो. आणि काम खरोखरच्या मिलचं असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर बाजारात आल्यावर तुमच्या हॉपरसाठी कोणी मिल बंद ठेवून बसत नाही.

मुळात सॉफ्टवेअर "उलगडत नाही" म्हणतं तेव्हा ते काय सांगत असतं? ते सांगतं की असा आकार सपाट पत्र्यापासून, न ताणता, फक्त वळवून होणार नाही. मित्रांनो, फर्स्ट इयरला ड्रॉइंगमध्ये एन. डी. भट यांच्या पुस्तकातून 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस' आपण सगळ्यांनी केलंय (काहींनी शेजारच्याचं बघून!). सॉफ्टवेअर तेच करतं. शेंगदाण्याचा पुडा उलगडला की कागद पुन्हा सपाट होतो. मोसंबीची साल मात्र कितीही दाबा, फाटल्याशिवाय सपाट होत नाही. गाउस या गणितज्ञाने १८२७ साली यामागचं कारण सिद्ध केलं : न ताणता, न फाडता पृष्ठभाग वाकवला तर त्याची मूळ वक्रता बदलत नाही. शंकू आणि नळकांडं एकाच दिशेने वाकलेले असतात, म्हणून त्यांची ही वक्रता सपाट कागदासारखीच शून्य असते. गोलाची तशी नसते. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट डोळ्यांसमोर आणा. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात हा गुरुद्वारा बांधून घेतला. तसा घुमट एका अखंड पत्र्यातून नुसता वळवून कधीच होणार नाही. एकतर तुकडे जोडावे लागतील, नाहीतर पत्रा ठोकून ताणावा लागेल.

म्हणजे शंकू तत्त्वतः उलगडायलाच हवा. मग अडतं कुठे?

सर्वात जास्त वेळा अडतं ते जोडावर. आपण रेषा काढतो, ३६० अंश रिव्हॉल्व्ह करतो आणि पूर्ण बंद शंकू तयार होतो. पण प्रत्यक्षात पत्रा गोल वळवल्यावर त्याची दोन टोकं समोरासमोर येतात आणि तिथे वेल्डिंग होतं. मॉडेलमध्ये ती फटच नसेल तर सॉफ्टवेअरने उलगडायला सुरुवात कुठून करायची? पुड्याला टोकच सापडत नसेल तर तो सोडणार कसा? म्हणून उंचीच्या रेषेवर एक बारीक फट ठेवा. इथे बरेच जण ३५९ अंश फिरवून मोकळे होतात. तसं केलं की ६०० मिलिमीटर व्यासावर एका अंशाची फट सव्वापाच मिलिमीटर होते आणि खाली २०० व्यासावर पावणेदोन मिलिमीटर. वेल्डर तुम्हाला काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही. त्यापेक्षा ३५९.९ अंश फिरवा, वर जेमतेम अर्धा मिलिमीटर फट पडते. फट ठेवूनही काही सॉफ्टवेअर 'स्थिर फेस निवडा' म्हणून अडून बसतं, कारण शंकूवर सपाट फेस एकही नसतो. अशा वेळी फटीची सरळ कड निवडायची. सॉलिडवर्क्समध्ये हे चालतं. जिथे चालत नाही तिथे फटीला लागून एक-दोन मिलिमीटरची सपाट पट्टी जोडायची, तिला स्थिर धरायची आणि कापताना ती वगळायची.

दुसरी गोष्ट जाडीची. ही मात्र फसवी आहे. कित्येकजण भरीव शंकू काढतात आणि आतून दुसरा शंकू वजा करतात. दोन्ही व्यास सहा-सहा मिलिमीटरने कमी केले म्हणजे तीनचा पत्रा झाला असं वाटतं. पण ते तीन मिलिमीटर आडवे मोजलेले असतात. पत्र्याची जाडी त्याच्या पृष्ठभागाला काटकोनात मोजतात. वर ६००, खाली २०० आणि उंची ६०० असेल तर शंकूची बाजू उभ्या रेषेशी सुमारे साडेअठरा अंश कलते आणि जाडी भरते २.८५. शीट मेटलच्या सेटिंगमध्ये ३ आणि मॉडेलमध्ये २.८५, मग एरर येणारच. दोन शंकूंचे कोन थोडे जरी वेगळे असले तरी जाडी जागोजागी बदलते आणि मग काही इलाजच नाही. शिवाय अशा शंकूची वरची-खालची कड आडवी सपाट येते. कापलेल्या पत्र्याची कड मात्र पत्र्याला काटकोनात असते. सोपा मार्ग म्हणजे एकच तिरकी रेषा काढा, तिला 'थिन' पर्यायाने जाडी द्या आणि फिरवा. जाडी आणि कडा दोन्ही आपोआप बरोबर येतात.

तिसरं, हाव. सायक्लोन काढताना वरचं नळकांडं आणि खालचा शंकू एकाच बॉडीत काढायचे, शिवाय सांध्यावर छानसा फिलेट द्यायचा! दिसायला सुंदर, पण तो फिलेट म्हणजे दोन्ही दिशांनी वाकलेला पृष्ठभाग, आपल्या मोसंबीच्या सालीच्या जातीचा. वर्कशॉपमधला मिस्त्री हे दोन भाग वेगळेच कापतो आणि नंतर वेल्ड करतो. तुम्हीही दोन पार्ट करा आणि असेंब्लीत जोडा. टोकदार शंकूचंही तसंच. टोकाला त्रिज्या शून्य होते आणि शून्य त्रिज्येवर पत्रा वळत नाही. टोक थोडं छाटा. हॉपरला नाहीतरी खाली तोंड लागतंच.

वर चौकोनी आणि खाली गोल असा हॉपर असेल तर रिव्हॉल्व्हचा नाद सोडा. तो आकार म्हणजे चार सपाट त्रिकोण आणि चार कोपऱ्यांत तिरक्या शंकूचे चार तुकडे. यासाठी सॉलिडवर्क्समध्ये लॉफ्टेड बेंड आहे, इन्व्हेंटर आणि सॉलिड एजमध्ये लॉफ्टेड फ्लँज आहे, कॅटियात तर हॉपर नावाचीच कमांड आहे. दोन्ही स्केच उघडी ठेवायची, फट समोरासमोर घ्यायची आणि चौकोनाच्या कोपऱ्यांना थोडी त्रिज्या द्यायची. ज्याचं तोंड मध्यभागी नसून एका भिंतीकडे सरकलेलं असतं तो शंकूही याच मार्गाने होतो. त्याचा उलगडा मात्र साधी वर्तुळपाकळी नसतो, त्यामुळे कडा वेड्यावाकड्या दिसल्या तर घाबरू नका.

समजा सगळं जमलं आणि स्क्रीनवर पाकळी उघडली. ती बरोबर आहे का? इथे माझं मत ठाम आहे : सरळ शंकू असेल तर कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिल्याशिवाय फाईल कटिंगला देऊ नये. दोन मिनिटांचं काम आहे. मोठा व्यास ६००, छोटा २००, उभी उंची ६००. व्यासांच्या फरकाचा अर्धा भाग २००. पायथागोरसने तिरकस उंची ६३२.५. तिला ६०० ने गुणून ४०० ने (म्हणजे व्यासांच्या फरकाने) भागलं की पाकळीची बाहेरची त्रिज्या ९४८.७. त्यातून तिरकस उंची वजा केली की आतली त्रिज्या ३१६.२. मोठा व्यास गुणिले १८०, भागिले बाहेरची त्रिज्या, म्हणजे पाकळीचा कोन ११३.८ अंश. ही पाकळी साधारण १५९० बाय ७७६ च्या आयतात बसते, म्हणजे एका पत्र्यात आरामात.

या हिशेबातले व्यास कोणते, हा खरा प्रश्न. पत्रा वळवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधल्या थराची लांबी तेवढीच राहते. म्हणून व्यास जाडीच्या मध्यापर्यंतचे घ्यायचे. ६०० हा बाहेरून बाहेर मोजलेला व्यास असताना तोच हिशेबात घातला, तर तीनच्या पत्र्यात परीघ सुमारे १० मिलिमीटर जास्त निघतो आणि फ्लँजची भोकं जुळत नाहीत. मुलं के-फॅक्टरची फार धास्ती घेतात. रोलवर वळवलेल्या मोठ्या शंकूला तो ०.५ धरतात, काही सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रेस ब्रेकच्या घडीसाठीचा ०.४४ आधीच भरलेला असतो. त्यामुळे तीनच्या पत्र्यात परिघाचा फरक पडतो जेमतेम एक मिलिमीटर. बारा मिलिमीटरची प्लेट असेल तर साडेचार, तिथे लक्ष द्या. पण पातळ पत्र्यात १० मिलिमीटर चुकले असतील तर के-फॅक्टरला दोष देऊ नका, आतलं-बाहेरचं माप तपासा.

साखर कारखान्यातले मोठे तळ एका पत्र्यात मावत नाहीत. ते चार-सहा-आठ पाकळ्यांत करतात. अशा वेळी अख्खा शंकू उलगडण्याचा खटाटोप कशाला? एकच पाकळी ९० किंवा ६० अंश फिरवून काढा, ती उलगडा आणि असेंब्लीत गोल फिरवून बसवा. फटीचा प्रश्नही आपसूक मिटतो.

शेवटी फाईल देताना दोन गोष्टी. डीएक्सएफमध्ये कधी कधी वर्तुळाच्या कंसाऐवजी बारीक तुकड्यांची वक्ररेषा जाते आणि कटिंग मशीन त्यावर अडखळत चालतं. साध्या शंकूला दोन कंस आणि दोन रेषा पुरतात, त्या ऑटोकॅडमध्ये वरच्या आकड्यांवरून नव्याने काढल्या तरी चालेल. आणि पत्र्याची कोणती बाजू आत येणार ते ड्रॉइंगवर ठळक लिहा. नुसत्या शंकूला फरक पडत नाही, पण बाजूला पाइपसाठी किंवा काचेच्या खिडकीसाठी भोक असेल तर उलटा वळवलेला पत्रा ते भोक डावीकडचं उजवीकडे नेतो, आणि हे कळतं ते वेल्डिंग झाल्यावर.