पाठवण्याआधीची विश्रांती



आपल्या मदतीने शिकलेला नवापूर भागातील एक तरुण सेमिनरी पूर्ण करून घरी आला आहे. पुढच्या वर्षी तो पूर्व आफ्रिकेत सेवेसाठी जाणार आहे. मधले सहा महिने आम्ही त्याला विश्रांती दिली आहे. “घरी बसलेल्याला मदत कशासाठी?” असे काही देणगीदारांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर मोकळेपणाने देत आहे.

या मुलाची घरची बोली मावची, शाळा मराठी आणि सेमिनरी इंग्रजी. त्यावर ग्रीक आणि इब्री. रविवार मंडळीचा विसाव्याचा दिवस, पण विद्यार्थ्याला त्याच दिवशी संडे स्कूल, उपदेश आणि घरभेटी. सुटीत शिबिरे. अशी वर्षे गेली की झोप उडते, चिडचिड वाढते आणि बायबल उघडले तरी परीक्षेचा प्रश्नच डोळ्यांपुढे येतो. मग आपला विश्वास कमी पडला असे समजून मुले हे लपवतात.

याला बर्नआउट म्हणतात. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणारे कार्यकर्ते कसे खचत जातात, हे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने आलेली ही अवस्था आहे.

पवित्र शास्त्राला ही अवस्था अनोळखी नाही. १ राजे १९ मध्ये एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. झोप, भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. त्यानंतर होरेबापर्यंतची चाळीस दिवसांची वाट, आणि नवे काम त्याच्याही नंतर. मार्क ६ मध्ये सेवेवरून परतलेल्या शिष्यांना येशूने आधी एकांती विसाव्यासाठी बोलावले.

परदेशी जाणाऱ्याला हे अधिक लागू आहे. तिथे भाषा नवी, अन्न वेगळे, हवा वेगळी आणि जिवाभावाचे कोणी जवळ नाही. इथला थकवा तिथे आपोआप उतरत नाही, उलट वाढतो.

विश्रांती म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे. प्रथम डॉक्टरांकडून तपासणी झाली. नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. रक्त कमी असले किंवा थायरॉइड बिघडले तरीही माणूस असाच थकतो. म्हणून तपासल्याशिवाय बर्नआउट म्हणू नये. पहिले दोन महिने त्याला उपदेश नाही, सभा नाही. पुरेशी झोप, आईच्या हातची भाकर, वडिलांबरोबर शेत. रविवारी तो मागच्या बाकावर बसून फक्त ऐकतो. तिसऱ्या महिन्यापासून रोज एक तास स्वाहिली. उदासी हटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र विश्रांती पुरत नाही. तेव्हा मानसोपचार डॉक्टरांकडे जावे. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. त्याची मासिक मदत चालू ठेवा. हे महिने तयारीचेच आहेत. भेटल्यावर “कधी निघणार?” असे विचारू नका, “जेवलास का?” विचारा. आणि सहा महिन्यांनंतर त्याला आणखी वेळ लागला, किंवा देवाने त्याला इथेच ठेवले, तरी त्याला कमी लेखू नका. तो आपल्याला प्रिय आहे, ते तो परदेशी जाणार म्हणून नव्हे.