विश्लेषण : खाली कटला आहे की मृगळ? ‘फिश फाइंडर’ माशाची जात ओळखू शकतो का?

बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडायचा आणि शेजारच्या छोट्या पडद्यावर खालचे मासे बघायचे, असे अमेरिका, कॅनडातील व्हिडीओ अनेकांच्या मोबाइलवर येतात. तेच यंत्र आता ऑनलाइन दुकानांतून आपल्याकडेही मागवता येते. जुन्नर-आंबेगावच्या धरणांवर बर्फ नाही, पण मासेमारीवर घर चालवणारी कुटुंबे आहेत. डिंभे किंवा माणिकडोहच्या पाण्यात हे यंत्र खालचा मासा कोणता ते सांगेल का? की पैसे पाण्यात जातील?

यंत्र काम कसे करते?

नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण या भागात सर्वांना माहीत आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. पाण्यात मात्र रेडिओ लहरी फार आत जात नाहीत, पाणी त्या शोषून घेते. तिथे आवाज कामाला येतो. हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जाणारा आवाज गोड्या पाण्यात सुमारे १,४८० मीटर जातो.

होडीखाली लावलेला ‘ट्रान्सड्यूसर’ आवाजाचा ठोका खाली सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. हा आवाज सहसा २०० किलोहर्ट्झच्या आसपास असतो. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही, त्यामुळे आपल्याला तो कळत नाही. प्रतिध्वनी २७ मिलिसेकंदांनी परत आला तर ती वस्तू २० मीटर खोल आहे, एवढे साधे गणित त्यामागे आहे. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये असे यंत्र मासेमारीसाठी बाजारात आणले. तत्त्व आजही तेच आहे.

पडद्यावर दिसतो तो मासा असतो का?

पूर्ण मासा नसतो. माशाचे मांस बरेचसे पाण्यासारखेच असते, त्यामुळे आवाज त्यातून जवळपास तसाच पुढे जातो. खरा प्रतिध्वनी येतो तो माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून. पाण्यात वर-खाली तरंगण्यासाठी मासा ही पिशवी वापरतो. म्हणजे पडद्यावरची खूण मुख्यतः त्या हवेची असते.

आवाजाचा झोत शंकूसारखा खाली पसरतो. शंकूचा कोन २० अंश असेल तर २० मीटर खोलीवर त्याची रुंदी सुमारे ७ मीटर होते. त्यामुळे ‘बरोबर खाली’ दिसणारा मासा प्रत्यक्षात होडीपासून तीन मीटर बाजूलाही असू शकतो.

कमान दिसली म्हणजे मोठा मासा?

हा सर्वात मोठा गैरसमज आहे. होडी चालत असते तेव्हा मासा आधी शंकूच्या कडेला येतो, मग मध्यावर आणि मग दुसऱ्या कडेला जातो. कडेला अंतर थोडे जास्त, मध्यावर कमी. म्हणून पडद्यावर कमान उमटते. होडी थांबलेली असेल आणि मासाही एकाच जागी असेल, तर त्याच माशाची आडवी रेघ दिसते. बर्फावर बसणाऱ्यांचे यंत्र एका जागी स्थिर असते, त्यामुळे त्यांना सहसा कमानी नव्हे, रेघाच दिसतात. कमानीची लांबी माशाच्या आकारापेक्षा होडीच्या वेगावर आणि मासा शंकूत किती वेळ होता यावर अधिक ठरते.

काही यंत्रे थेट माशाचे चित्र दाखवतात. तो सॉफ्टवेअरचा अंदाज असतो. पाण्याखालचे झाडाचे खोड किंवा बुडबुड्यांचा झुबकाही ‘मासा’ म्हणून दिसू शकतो. डिंभे धरणात मूळचे आंबेगाव गावच पाण्याखाली गेले आहे. अशा जलाशयाच्या तळाशी यंत्राला फसवणाऱ्या वस्तूंची कमतरता नाही.

मग जात ओळखता येते का?

नुसत्या प्रतिध्वनीवरून खात्रीने नाही. समुद्रात एक युक्ती काही प्रमाणात चालते. अटलांटिकमधील मॅकरेलला हवेची पिशवी नसते, हेरिंगला असते. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला दोघांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, त्यावरून संशोधक त्यांचे थवे वेगळे काढतात. पण आपल्या धरणांतील कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस हे सगळे कार्प कुळातले. सगळ्यांना पिशवी आहे. सारख्या आकाराच्या रोहू आणि मृगळचा प्रतिध्वनी जवळपास सारखाच येतो.

‘चर्प’ तंत्रात एकाच फ्रिक्वेन्सीऐवजी अनेक फ्रिक्वेन्सींचा ठोका सोडतात. त्यामुळे वर-खाली काही सेंटीमीटर अंतरावरचे दोन मासे वेगळे दिसतात, पण त्यांची जात कळत नाही. ‘लाइव्ह सोनार’मध्ये माशाची हालचाल चालू व्हिडीओसारखी दिसते. बर्फावरचे अनुभवी गळवाले त्यावरून जातीचा अंदाज बांधतात, पण तो अंदाज त्यांच्या अनुभवाचा असतो. या तंत्राने गळाला माशापुढे फारच फायदा मिळतो, म्हणून अमेरिकेतील काही स्पर्धांनी त्यावर मर्यादाही घातल्या आहेत.

अंदाज कशावरून बांधता येतो?

पडद्यावरची खोली आणि माशाची सवय जुळवून :

• पाण्याच्या वरच्या थरात खाणारा : कटला
• मधल्या थरात : रोहू
• तळाशी : मृगळ आणि सायप्रिनस
• हवा घ्यायला वर येणारा : मरळ
• तळाला चिकटून, दगड-गाळात राहणारी : वाम. ती सोनारवर तळापासून वेगळी दिसणे कठीण.

पण हे नियम पक्के नाहीत. उन्हाळ्यात खोल पाण्यात प्राणवायू कमी झाला की तळचा मासाही वर सरकतो. म्हणूनच शास्त्रीय पाहणीत सोनारसोबत जाळे टाकून नमुना घेतात. मासे किती याचा अंदाज सोनारवरून आणि कोणते हे जाळ्यावरून ठरते.

इथल्या मच्छीमारांना उपयोग काय?

हा प्रश्न पोटाचा आहे. डिंभे धरणात जमिनी गेलेल्या महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांनी ‘शाश्वत’ संस्था आणि कुसुम कर्णिक यांच्या सोबतीने या पाण्यातील मासेमारीच्या हक्कासाठी संघटन उभे केले. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने याच जलाशयात पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढवण्याचे काम केले. कुठल्या थरात कोणता मासा कधी असतो, हे ज्ञान इथल्या जाळे टाकणाऱ्यांकडे आधीपासून आहे. यंत्र नसेल तरी त्यांचे अडत नाही.

खोली मोजणे, बुडालेली खोडे आणि खडक टाळून जाळे वाचवणे, पाणी उतरल्यावर खोल डोह शोधणे यासाठी मात्र साधे यंत्रही कामाचे आहे. फाटलेले जाळे हा थेट खर्च असतो. पिंजऱ्यात मासा कोणता हे आधीच माहीत असते. तिथे जातीचा प्रश्नच उरत नाही, मासे कोणत्या थरात आहेत एवढेच बघायचे असते.

धोकाही आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की मासे थोड्या जागेत गोळा होतात. तेव्हा थवा नेमका दाखवणारे यंत्र बाहेरून आलेल्या हौशी किंवा चोरट्या मासेमाराच्या हाती पडले, तर सोडलेले मत्स्यबीज मोठे होण्याआधीच संपू शकते. पडद्यावर कटलाचे पिल्लू आणि मोठी चिलापी यांत फरक दिसत नाही. तो जाळे वर आल्यावरच दिसतो, आणि तोपर्यंत पिल्लू बहुधा मेलेले असते.

घ्यायचे असेल तर काय बघावे?

‘जात ओळखतो’ अशी जाहिरात असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. शंकूचा कोन, बॅटरी किती तास टिकते आणि उन्हात पडदा दिसतो का, हे तपासा. माशाच्या चित्राची सोय बंद करून मूळ प्रतिध्वनी वाचायला शिका. आणि एकट्याने घेण्याऐवजी संस्थेने मिळून एक यंत्र घेतले तर खर्चही वाटला जातो आणि ते कधी, कुठे वापरायचे हेही सगळ्यांना मिळून ठरवता येते.