तिकीट निघालं, पण तक्रार पोचली का?

वेबसाइटच्या कोपऱ्यात ‘अभिप्राय द्या’ असं बटण असतं. ते दाबून कुणी लिहितं, ‘पैसे भरायचं पान पुढे जात नाही.’ ही ओळ डेव्हलपरपर्यंत जायची तर आजही पुष्कळ ठिकाणी कुणीतरी मेल वाचतं, मजकूर उचलून जिरा, रेडमाइन किंवा गिटहबसारख्या प्रणालीत त्याचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, टाकतं आणि घाईत स्क्रीनशॉट जोडायचा राहून जातो. फीडबॅकचं साधन थेट तिकीट-प्रणालीला जोडलं तर हे हातानं करायचं काम वाचतं. म्हणून ही जोडणी हवीच, असं माझं स्पष्ट मत आहे. युझरस्नॅप, मार्कर, बगहर्ड यांसारखी साधनं ती तयारच देतात. मात्र तिच्याबद्दल काही समज इतके पक्के रुजलेत, की जोडणी झाल्यावर लोक निर्धास्त होतात आणि तक्रारी मधल्यामध्ये हरवू लागतात.

‘एकदा जोडलं की काम संपलं’

पहिली जोडणी खरंच सोपी असते. लॉगिन करायचं, परवानगी द्यायची, प्रोजेक्ट निवडायचा, झालं. अडचण पुढे येते. जिरामध्ये व्यवस्थापकाला रकाने सक्तीचे करता येतात. समजा, एके दिवशी कुणी ‘विभाग’ हा रकाना सक्तीचा केला. माणूस तिकीट टाकत असेल तर त्याला समोर लाल सूचना दिसते आणि तो रकाना भरतो. बाहेरून येणाऱ्या फीडबॅकला मात्र तो रकाना ठाऊकच नसतो. जिरा ४०० क्रमांकाची त्रुटी परत पाठवतं आणि तिकीट तयार होत नाही. वापरणाऱ्याला पडद्यावर ‘धन्यवाद’ दिसलेलं असतं. टीमला वाटतं, या आठवड्यात तक्रारीच नाहीत, छान चाललंय.

तिकिटाच्या स्थितीचंही असंच. जिरामध्ये बाहेरून ‘स्थिती = पूर्ण’ असं नुसतं लिहिता येत नाही. वर्कफ्लोमध्ये जी पायरी ठरवलेली असेल, त्या पायरीवरूनच पुढे जावं लागतं. वर्कफ्लो बदलला की जुनी जोडणी अडकते. म्हणून प्रोजेक्टची मांडणी बदलण्याचे अधिकार ज्याच्याकडे आहेत, त्याला ही जोडणी अस्तित्वात आहे हे माहीत असणं फार गरजेचं आहे. बहुतेक ठिकाणी ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

जोडणी कुणाच्या खात्यावरून केली, याकडेही लक्ष द्यावं. उत्साही कर्मचाऱ्यानं स्वतःच्या खात्यानं ती केली आणि पुढे त्यानं नोकरी सोडली, तर खातं बंद होताच जोडणीही बंद पडते. तिच्यासाठी वेगळं खातं काढावं आणि त्याला फक्त त्या प्रोजेक्टमध्ये तिकीट टाकण्यापुरतेच अधिकार द्यावेत.

‘टोकन पानाच्या कोडमध्ये ठेवलं तरी कोण बघतंय?’

कोणीही बघू शकतं. तयार साधन न घेता स्वतः फॉर्म लिहिणारे पुष्कळदा जिराचं किंवा गिटहबचं टोकन, म्हणजे त्या प्रणालीत शिरायची किल्ली, थेट पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये घालतात. ब्राउझरपर्यंत गेलेली प्रत्येक ओळ वाचता येते, त्यासाठी हॅकर असावं लागत नाही. टोकन हाती लागलं की त्या टोकनला दिलेले सगळे अधिकार हाती लागतात. फॉर्मनं मजकूर आपल्या सर्व्हरकडे द्यावा आणि सर्व्हरनं तो पुढे पाठवावा. याला दुसरा पर्याय नाही.

‘स्क्रीनशॉट आलाय म्हणजे पुरावा आलाय’

हा गैरसमज मला सगळ्यात महाग वाटतो, कारण त्यात डेव्हलपरचे दिवस जातात. ब्राउझर एक्स्टेंशननं घेतलेला स्क्रीनशॉट म्हणजे पडद्यावर दिसतं त्याचं खरं चित्र. पण वेबसाइटच्या आत बसवलेल्या विजेटला पडद्याचा फोटो असा सहज काढता येत नाही. म्हणून अनेक विजेट एचटीएमएल-टू-कॅनव्हास यासारखी लायब्ररी वापरतात. ही लायब्ररी पानाची रचना वाचते आणि तिच्यावरून चित्र नव्यानं रंगवते. ते चित्र म्हणजे पानाची पुनर्रचना असते, आणि लायब्ररीचे कर्तेही हे उघडपणे सांगतात. तिला न समजणारा सीएसएसचा नियम चित्रात उतरत नाही. दुसऱ्या सर्व्हरवरून आलेली प्रतिमा परवानगी नसेल तर गळते. आयफ्रेममधला पैसे भरायचा भाग कोरा येतो, आणि तक्रार नेमकी त्याच भागाची असते.

मराठी साइट चालवणाऱ्यांनी तर इथे जास्तच जपावं. अक्षरांमधलं अंतर सीएसएसमध्ये वाढवलेलं असेल, तर अशी साधनं मजकूर सलग न काढता तुकड्यातुकड्यानं काढतात. तेव्हा साइटवर नीट दिसणारी जोडाक्षरं चित्रात फुटू शकतात. तिकीट येतं ‘बटण चालत नाही’ म्हणून, आणि डेव्हलपर चित्र पाहून फॉन्टच्या मागे लागतो.

आपोआप भरल्या जाणाऱ्या माहितीवरही असाच आंधळा विश्वास असतो. ब्राउझर स्वतःची जी ओळख पाठवतो, ती जशीच्या तशी घेतली तर फसगत होते. २०१९ मध्ये आलेल्या आयपॅड ओएस १३ पासून आयपॅडवरचा सफारी सुरुवातीलाच स्वतःला मॅक म्हणवतो. विंडोज ११ वरचे ब्राउझर त्या ओळखीत आजही ‘विंडोज एनटी १०.०’ असंच लिहितात. ‘मॅकवर बोटानं सरकवता येत नाही’ असं तिकीट आलं, तर आधी ते आयपॅड आहे का हे विचारावं. वेळेचंही बघावं. जिथे नोंद यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, होते, तिथे सकाळी १०:४० दिसतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे ४:१० झालेले असतात. सर्व्हरच्या नोंदी भलत्याच वेळेच्या तपासल्या जातात आणि ‘त्रुटी आढळली नाही’ असा शेरा मारून तिकीट बंद होतं. तक्रार करणारा खोटा ठरतो.

‘वेबहुक पाठवला म्हणजे पोचला’

एका प्रणालीत काही घडलं की ती दुसरीला लगेच निरोप धाडते, त्याला वेबहुक म्हणतात. समोरचा सर्व्हर त्या क्षणी बंद असला तर काय, याचं उत्तर प्रत्येक सेवेचं वेगळं आहे. गिटहब १० सेकंद वाट पाहतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर तो निरोप अयशस्वी मानतं आणि आपणहून पुन्हा पाठवत नाही. तो शोधून पुन्हा मागवायची जबाबदारी आपली. काही सेवा उलट, उत्तर मिळेपर्यंत पुन्हापुन्हा पाठवतात, त्यामुळे एकाच तक्रारीची दोन-तीन तिकिटं होतात. दुहेरी तिकिटांवर उपाय एकच: प्रत्येक फीडबॅकचा क्रमांक तिकिटात नोंदवायचा आणि नवं तिकीट टाकण्याआधी तो क्रमांक शोधायचा.

‘दुतर्फी जोडणी म्हणजे ग्राहकाला आपोआप उत्तर’

जोडणी दोन्ही दिशांनी असेल, तर तिकीट बंद झालं की लिहिणाऱ्याला ‘तुमची अडचण दूर झाली’ असा मेल जावा, ही इच्छा चांगली आहे. पण डेव्हलपरच्या ‘डन’चा अर्थ बऱ्याचदा ‘कोड लिहून झाला’ एवढाच असतो. तो साइटवर पुढच्या आठवड्यात चढणार असतो. मेल वाचून माणूस साइट उघडतो, तीच चूक पुन्हा बघतो, आणि त्यानंतर तो कधीच काही लिहीत नाही. मेल साइटवर बदल चढल्यावर जाईल असंच जोडावं. तिकिटावरच्या अंतर्गत कॉमेंट ग्राहकाकडे जात नाहीत ना, हेही पहिल्याच दिवशी तपासावं. टीममध्ये मोकळेपणानं लिहिलेलं वाक्य ग्राहकाच्या हाती पडलं तर ते परत घेता येत नाही.

‘प्रत्येक अभिप्रायाचं तिकीट झालंच पाहिजे’

मोझिलाच्या लोकांनी उभ्या केलेल्या वेबकॉम्पॅट डॉट कॉमवर, असं केल्यावर काय होतं ते मोठ्या प्रमाणावर बघायला मिळतं. एखादी साइट आपल्या ब्राउझरमध्ये नीट चालत नाही असं तिथे कळवलं की त्याची गिटहबवर नोंद होते. नोंदींचे क्रमांक १,००,००० च्या पलीकडे गेले आहेत. त्यातल्या पुष्कळ नोंदी ब्राउझरच्या दोषाच्या नसतात. कुणाचं लॉगिन होत नसतं, कुणाला जाहिरातींचा वैताग असतो. त्यामुळे चाळणीसाठी तिथे मशीन लर्निंगची मदत घ्यावी लागली. शिवाय नाव न देता आलेली नोंद आधी खाजगी जागी ठेवली जायची. माणूस ती वाचायचा आणि मगच ती सर्वांना दिसायची. मला ही मधली पायरी अत्यंत शहाणपणाची वाटते.

कारण लोक फीडबॅकमध्ये काहीही लिहितात: मोबाइल नंबर, आधार क्रमांक, कधी पासवर्डसुद्धा. स्क्रीनशॉटमध्ये खात्याची शिल्लक दिसते. गिटहबचा प्रोजेक्ट सार्वजनिक असेल तर हे सगळं जगासमोर जातं. जिरा खाजगी असलं तरी त्यात बाहेरच्या कंत्राटदारांची खाती असू शकतात. भारतात आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्यापुरतीच ती वापरावी, हे त्याचं सूत्र तिकिटाला जोडलेल्या चित्रालाही लागू पडतं. खाजगी रकाने चित्रात झाकायची सोय अनेक साधनांत असते, ती चालू आहे ना हे बघावं.

तेव्हा ताज्या अभिप्रायांचा वेगळा ढीग ठेवा. रोज ठरलेल्या वेळी एकानं तो वाचावा, दुहेरी आलेले जुळवावेत, साधे प्रश्न तिथेच उत्तर देऊन मिटवावेत आणि उरलेल्यांची तिकिटं करावीत. शिवाय दर आठवड्याला तीन आकडे शेजारी मांडावेत: साधनाकडे किती अभिप्राय आले, ढिगात किती उतरले, आणि त्यातल्या कितींची तिकिटं झाली. पहिल्या दोन आकड्यांत फरक दिसला, तर त्याच दिवशी जोडणीचा लॉग उघडावा.